शेवटच्या अक्षराखालची रेघ

"रेघ शेवटच्या सुरापर्यंत ने, लुक्रा. मध्येच हात उचलू नकोस. अक्षर एकदा तोंडातून निघालं की त्याला पोचवूनच परत यायचं."

सिस्टर बेनिग्ना असं म्हणायची तेव्हा तिच्या हातात टाक असायचा, आणि मठाच्या स्वयंपाकघरातल्या लांब टेबलावर चर्चच्या गाण्यांचे कागद वाळत पडलेले असायचे. सिस्टरला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. टाक गेला, दौत गेली, मठही बंद झाला आणि तिथं आता उन्हाळी पाहुणे उतरतात. पण लुक्रा संगणकापुढं बसली आणि सुरांखाली अक्षरं बसवायला लागली, की तो आवाज तिच्या डाव्या कानाशी येऊन उभा राहायचाच.

नियम तिला पाठ होते. एका अक्षराला एकच सूर असला, तर अक्षर सुराच्या खाली अगदी मधोमध. एका अक्षराला पुष्कळ सूर असले, तर ते पहिल्या सुराच्या डाव्या कडेला टेकवून सुरू करायचं आणि पुढं पायथ्याशी बारीक रेघ ओढत न्यायची, शेवटचा सूर येईपर्यंत. गाणाऱ्या बाईची नजर वरच्या, सूर मांडलेल्या पाच ओळींवर असते. खालची रेघ तिला सांगते, अजून आहे, थांबू नकोस. नव्या प्रोग्राममध्ये हे सगळं एकेका कळीवर होतं. पण त्याच्यावर विसंबून राहिलं की कुठं अक्षर शेजाऱ्याच्या अंगावर रेललेलं, कुठं रेघ अर्ध्यात लटकलेली. लुक्रा एकेक जागा हातानं नीट करायची, मिस्सेपूर्वी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपूर्वी, वेदीवरचं कापड नीट करावं तशी.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत तिचा एक नेम असे. सकाळी उठल्यापासून चर्चची दुपारची घंटा वाजेपर्यंत बोलायचं नाही. नवरा गेला त्या वर्षी तिनं हा नेम धरला आणि नंतर एकदाही मोडला नाही. एकदा स्वयंपाकघरात चटका बसला तेव्हासुद्धा तिनं ओठ दाबून हात पाण्यात धरला होता. त्या लहानशा बेटावर सगळ्यांना हे माहीत होतं. पाववाला येर्को तिला पाहिलं की स्वतःही खुणांनी बोलायचा, आणि मग गिऱ्हाईक हसायचं.

त्या गावात मोठ्या शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बायका एक विलाप गातात. मुलाच्या क्रुसाखाली उभ्या असलेल्या आईचा. तो कधी कुणी कागदावर उतरवला नव्हता. पोरीबाळी आईच्या शेजारी उभ्या राहून शिकायच्या. पण पोरीबाळी आता मुख्य भूमीवरच्या शहरांत होत्या, आणि विलापाला उभं राहायला गुडघे दुखणाऱ्या बायकाच तेवढ्या उरल्या होत्या. मग गेल्या वर्षापासून रविवारच्या मिस्सेला फिलिपिन्सच्या काही मुली यायला लागल्या. खाडीपलीकडच्या मोठ्या हॉटेलात त्या खोल्या आवरायच्या. गळे असे, की पहिल्याच रविवारी म्हाताऱ्यांनी माना वळवून पाहिलं. भाषा त्यांना कामापुरती येई, पण सुरांची लिपी झरझर वाचता येई. गायनवृंद बसवणारा तादिया आठवड्यातून एकदा बोटीनं यायचा. तो म्हणाला, "लुक्रामावशी, विलाप छापून द्या ना. या मुली तुमच्या रांगेत भर घालतील. कागद हातात असला की झालं."

लुक्रानं होकार दिला. रोज दुपारनंतर बसून तिनं विलाप स्वतःच्या गळ्यातून काढला आणि प्रोग्राममध्ये घातला. एक ओळ गुणगुणायची, सूर मांडायचे, खाली अक्षरं. कडव्याखाली कडवं. शेवटच्या कडव्यात आईची लांब हाक आहे. तिचं शेवटचं अक्षर जिन्यावरून उतरावं तसं सुरासुरानं खाली येतं. लुक्रानं ते अक्षर पहिल्या सुराच्या डाव्या कडेला टेकवलं आणि रेघ ओढली, शेवटपर्यंत. छापून आलेला कागद तिनं हातभर लांब धरून पाहिला. सिस्टरनं नाव ठेवलं नसतं.

मंगळवारी संध्याकाळी तालीम होती. कागद वाटले गेले आणि बायकांनी चष्मे लावले.

"अगं बाई, केवढं ठसठशीत!" फ्रानित्सा म्हणाली. ती सगळ्यांत वयस्कर, आणि सगळ्यांत मोठ्यानं बोलणारी. "हे मी एवढी वर्षं गात होते? मला वाटलं होतं, फार सोपं आहे."

"तू गात होतीस ते वेगळंच होतं," मागून कुणीतरी म्हणालं.

मुली हसल्या. त्यांतली मारिविक सगळ्यांत पुढं उभी होती. ती कागदावर बोट फिरवत ओठ हलवून अक्षरं जुळवत होती. पाल्मा मात्र आपल्या जागी, खांबाजवळ, काळ्या कपड्यांत उभी होती. तिचा नवरा कुझ्मा गेल्या शरद ऋतूत गेला होता. लुक्रा नेहमीसारखी तिच्या डाव्या हाताला.

इथं गावाची एक रीत आहे. गेल्या ईस्टरपासून ज्या घरात माणूस गेलं, त्या घरची बाई आईच्या हाकेच्या शेवटच्या अक्षरावर राहते. बाकीच्या एकेक करून गप्प होतात. आधी तिच्या अगदी शेजारची, मग तिच्या पलीकडची, असं करत करत भिंतीपर्यंत. शेवटी तिचाच आवाज उरतो. किती वेळ, ते तिच्यावर. आवाज मोडला तरी कुणी सावरायला जात नाही, आणि ती थांबल्याशिवाय पाद्रीसुद्धा जागचा हलत नाही. वर्षात कुणीच गेलं नसलं तर सगळ्या मिळून शेवटपर्यंत गातात आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानतात. हे कुणी कुणाला बसवून शिकवलेलं नव्हतं. फ्रानित्साला विचारलं असतं, की तू कधी थांबतेस, तर ती म्हणाली असती, मी कुठं थांबते? मी तर पूर्ण गाते.

हाक आली. पाल्मानं श्वास घेतला. सगळ्यांच्या नजरा कागदावर होत्या आणि कागदावर रेघ होती. मुली रेघेवरून चालल्या, ते बरोबरच होतं. पण फ्रानित्साही चालली, तिच्या मागच्याही चालल्या. विलाप ज्यांच्या हाडांत भिनला होता त्या बायका बोट ठेवून रेघेमागोमाग शेवटच्या सुरापर्यंत गेल्या. लुक्रासुद्धा गेली. श्वास संपला तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिनं उजवीकडं पाहिलं. पाल्माचं तोंड मिटलेलं होतं.

"वा!" तादिया म्हणाला. "काय शेवट झाला! एक धागा सुटला नाही."

पाल्मानं कागदाची नीट चार पदरी घडी घातली. "सुरेख आहे," ती म्हणाली. "शुक्रवारी मी मेणबत्त्या धरीन म्हणते. माझा घसा ठीक नाही."

"अगं, पण..." फ्रानित्सानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिलाही तेव्हाच कळलं असावं. पण पाल्मा दारापर्यंत पोचली होती, आणि सकाळी लवकर कामाला जायचं म्हणून मुलीही घरी निघाल्या होत्या.

बुधवारी दुपारची घंटा वाजली तशी लुक्रा पाल्माच्या घरी गेली. ओट्यावर शुक्रवारचा खारवलेला मासा परातीत भिजत पडला होता आणि पाल्मा टेबलाशी भाजी निवडत होती.

"वाजली तुझी घंटा?"

"वाजली."

"मग बोल. सकाळपासूनचं साठलं असेल."

लुक्रा खुर्चीच्या कडेवर बसली. "कागद माझ्या हातून चुकला."

"चुकतोय कुठला! फ्रानित्सानं फ्रिजवर चिकटवलाय. मला म्हणाली, मेल्यावर पेटीत ठेवा."

"तुझी जागा गेली त्यात."

"माझी कसली जागा? मी काय नाटकातली गायिका आहे?" पाल्मानं एक देठ मोडला. "इतकी वर्षं कुझ्मानं बोटीवर काढली. कसले कसले वारे अंगावर घेतले. आणि पडला कुठून, तर जैतुणाच्या झाडावरून. शिडी मी धरते म्हटलं होतं. मला म्हणाला, तू जा, कॉफी ठेव. गेले कॉफी ठेवायला. कॉफी वर आली, आणि हा खाली."

लुक्रानंही भाजीतली एक काडी निवडायला घेतली.

"मी रडले नाही, तुला माहितीये. स्मशानात नाही, घरी नाही. त्याची बहीण सगळ्यांना सांगत फिरते, दगड आहे म्हणून. मी मनात म्हटलं, थांब, मोठा शुक्रवार येऊ दे. त्या एका अक्षरासाठी घसा राखून ठेवलाय, लुक्रा. पाळण्यातल्या पोरासारखा. थंडीत बाहेर पडले नाही." तिनं निवडलेली भाजी पाण्यात टाकली. "आता मेणबत्त्या धरीन. त्यालाही माणूस लागतंच की."

"तुझी जागा तुला मिळेल."

"ती कशी? त्या पोरींना दोष देऊ नकोस, गुणी आहेत बिचाऱ्या. रेघ दिसली, चालल्या. आपल्या म्हाताऱ्यांचं काय? यांना छापलेलं दाखव, की झालं बायबल."

"म्हाताऱ्यांना कालच कळलंय. तू दारातून गेलीस तेव्हा कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी कागद बदलते. आणि मुलींना सांगते."

पाल्मानं तिच्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदा हसली. "तू? पोरी घंटेच्या आधीच्या गाडीनं कामाला जातात, येतात त्या दिवस बुडाल्यावर, तेही चालता चालता झोपत. ईस्टरचे पाहुणे यायचेत, हॉटेलात त्यांना कुणी मान वर करू देत नाही. आणि तुझं तोंड उघडतं घंटेला. भेटणार कुठं त्यांना? वळणावर उभी राहून गाडीला हात हलवणार?"

"शुक्रवारी हाकेच्या शेवटी तुझाच आवाज राहील. मी शब्द देते."

"या आठवड्यात शब्द देऊ नये कुणी. देवाच्या मुलालाही याच आठवड्यात त्याच्या सोबत्यांनी दिले आणि मोडले."

"दिला," लुक्रा म्हणाली आणि उठली.

"थांब, अंजीर घेऊन जा चार. उपासाला चालतात."

घरी येऊन तिनं तादियाला फोन लावला. त्याच्या मागं रस्त्याची गडबड ऐकू येत होती. तिनं रीत सांगितली. तो ऐकत राहिला.

"मला कुणी बोललंच नाही हे," तो म्हणाला.

"आम्हीही कुणाला बोललो नव्हतो."

"पण मावशी, रेघ पुसलीत तर मुलींना वाटेल, तिथं सगळ्यांनी थांबायचं. सगळ्या एकदम गप्प झाल्या तर तेही वाईटच. वर 'एकटीने' असं लिहून टाका ना. लिहितात तसं."

"तसं लिहिलं तर पाल्मा चर्चच्या दारातूनच परत जाईल."

"मग कुणी कधी थांबायचं, त्याचे आकडे घाला."

"ते ती कुठं उभी आहे त्यावर असतं. आणि पुढच्या वर्षी दुसरीच कुणी असेल."

"म्हणजे दरवर्षी नवा कागद?"

"दरवर्षी माणसं मरतात, बाळा."

तो म्हणाला, "बरं. तुम्ही म्हणाल तसं. पण मी शुक्रवारी दुपारच्याच बोटीनं येणार. कागदानं हे व्हायचं नाही. कुणीतरी त्यांच्यासमोर उभं राहून, गाऊन दाखवायला हवं. आधीच."

"हो," लुक्रा म्हणाली.

संध्याकाळचं ऊन खिडकीत होतं तेव्हा तिनं संगणक लावला. आधी तिनं सुरांच्या डोक्यावर एक वाक्य टाइप करून पाहिलं. मुलींना समजेल अशा सोप्या शब्दांत, की कुणीतरी एकजण राहते. वाचलं. हॉटेलातल्या जिन्यावर लावतात तशी सूचना दिसत होती. ते पुसलं. मग शेवटचे सूर बारीक करून पाहिले. ते विसरून गेल्यासारखे वाटायला लागले. तेही पूर्ववत केलं. मग तिनं रेघेचं टोक पकडलं आणि मागं ओढलं. रेघ आखडत आखडत पहिल्या काही सुरांपर्यंत आली आणि तिथं थांबली. पुढं सूर होते, आणि त्यांच्या खाली काही नव्हतं. एरवीच्या भरलेल्या ओळीत ती पांढरी जागा दात पडलेल्या तोंडासारखी दिसत होती. लुक्राचा हात आपोआप पुढं गेला, रेघ पुन्हा ताणायला.

अक्षर पोचवूनच परत यायचं, डाव्या कानाशी आवाज म्हणाला.

तिनं हात मांडीवर घेतला. सिस्टरनं गावातलं सगळं लिहून काढलं होतं. पेरणीच्या मिस्सेची गाणी, लग्नातली, बोट पाण्यात सोडतानाची. विलाप मात्र नाही. लुक्राला आजवर वाटायचं, की तो लिहायचा राहून गेला. सिस्टर तर त्या रांगेत दर मोठ्या शुक्रवारी उभी असायची, सुतकातल्या बाईच्या अगदी शेजारी. तिला ना घर, ना घरातलं माणूस. म्हणून ती जागा कायम तिची. आणि तिचा आवाज सगळ्यांत आधी थांबायचा. इतक्या चटकन, की शेजारची बाई दचकायची आणि मग एकटी पुढं जायची.

लुक्रानं पांढरी जागा तशीच ठेवली आणि कागद छापायला घातले. यंत्र एकेक पान बाहेर टाकत राहिलं. ती शेजारी बसून जपमाळ ओढत राहिली.

गुरुवारी ती रोजच्यासारखी उजाडायच्या आत उठली. तोंड धुतलं, क्रुसाखालच्या आईच्या तसबिरीपुढं दिवा लावला. नेहमीची प्रार्थना मनातल्या मनात म्हटली. मग तिथंच गुडघ्यांवर बराच वेळ राहिली. या नेमानं तिला पुष्कळ दिलं होतं. नवरा गेल्यानंतरच्या त्या पहिल्या सकाळी, जेव्हा घरात बोलायला कुणी नव्हतं, तेव्हा न बोलणं हे तिचं स्वतःचं काम झालं होतं. लोकांना ते व्रत वाटायचं. तिला तो आधार होता. ईस्टरला आता थोडेच दिवस होते, आणि आजवर या काळात तिच्या सकाळच्या मौनाला तडा गेला नव्हता.

पण नेम तिनं आपणहून घेतला होता. देवानं मागितला नव्हता. तसबिरीतल्या आईनंही काही मागितलं नव्हतं, ती आपल्या मुलाकडं बघत होती. पाल्मानंही मागितलं नव्हतं खरं तर.

लुक्रा उठली. कागद कापडी पिशवीत घातले, वर पाल्माचे चार अंजीर ठेवले. काळा रुमाल डोक्याला बांधला. दाराशी तिनं घसा साफ केला, आणि तो आवाज त्या सकाळच्या घरात इतका अनोळखी वाटला की ती स्वतःच मागं वळून बघायला लागली.

गल्लीत येर्को पावाच्या टोपल्या आत घेत होता. तिला पाहून त्यानं हात छातीवर ठेवून मान लववली, दरवर्षीसारखी, आणि पावाकडं बोट करून भुवया उंचावल्या. हवाय का? तिनं मान हलवली. नको. तो पुन्हा टोपल्यांकडं वळला.

मुलींचं घर शाळेच्या वर, पायऱ्यांच्या टोकाला होतं. गच्चीवर निळे गणवेश वाळत घातलेले खालूनही दिसत होते, आणि कुणीतरी दात घासता घासता काहीतरी गुणगुणत होतं. हॉटेलच्या गाडीला अजून वेळ होता. घंटेला त्याहून जास्त. लुक्रानं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आईची ती शेवटची हाक ओठांतल्या ओठांत सुरू केली, मधेच थांबवली, पुन्हा सुरू करून पुन्हा तिथंच थांबवली, आणि पायऱ्या चढायला लागली.